नऊ नावांची ओळ

ही ओळ आधी सावकाश वाचा.

@वंश = ('त्रिविक्रम', 'भास्करभट्ट', 'गोविंद', 'प्रभाकर', 'मनोरथ', 'महेश्वर', 'भास्कर', 'लक्ष्मीधर', 'चांगदेव');

ही पर्ल या संगणकाच्या भाषेतली ओळ आहे आणि जशी छापली आहे तशीच ती चालते. फाइलच्या माथ्यावर 'यूज यूटीएफ८' एवढी एक सूचना रोमन अक्षरांत द्यायची, की त्याखाली नावं देवनागरीत ठेवायला पर्ल मोकळीक देते. 'वंश' चालतं, 'तालुके' चालतं, अहिराणीतलं 'आंडोर' लिहिलंत तरी तिची हरकत नसते. सूचना राहिली तर मात्र पहिल्याच अक्षराला ती अडून बसते. आकडे तेवढे इंग्रजी लागतात. या लेखात ते मराठी छापले आहेत, करून बघताना बदलून घ्या. शिस्तीचे लोक अशा ओळीच्या आधी 'माय' हा शब्दही लावतात. तो लावायची सवय पहिल्या दिवसापासून असलेली बरी.

ओळीतली नऊ नावं दगडावरून घेतली आहेत. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला अठरा-एक किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवीचा परिसर आहे. सुट्टीच्या दिवशी अर्धा जळगाव जिल्हा तिथे धबधबा बघायला जातो. तिथल्या पाटण गावचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांसमोर आणला. यादवराजा सिंघण याच्या दरबारी असलेल्या चांगदेव नावाच्या ज्योतिष्याने इथे एक मठ काढला, त्याची हकीकत त्यात कोरलेली आहे. मठ कशासाठी? तर आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. आजोबा म्हणजे 'लीलावती' लिहिणारे भास्कराचार्य. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं ते शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०७ मध्ये. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि पाटणच्या बाजारातल्या मालावरचं उत्पन्न मठाला कसं लावून दिलं याचा तपशील त्यात आहे. विद्येबरोबर हिशोबही दगडावर.

(तापी-पूर्णेच्या संगमावरचे योगी चांगदेव वेगळे. खानदेशात हे सांगून ठेवावं लागतं.)

त्या लेखात चांगदेव आपलं घराणं सांगतो. त्रिविक्रमाचा मुलगा भास्करभट्ट, त्याचा गोविंद, असं करत नवव्या नावाला तो स्वतः. वर जी ओळ दिली ती हीच. पर्लमध्ये अशा ओळीला ॲरे म्हणतात: एका नावाखाली, ठरलेल्या क्रमाने ठेवलेल्या अनेक गोष्टी.

पर्ल बनवली लॅरी वॉल यांनी, १९८७ साली. त्यांचं शिक्षण भाषाशास्त्रातलं, आणि ते या भाषेच्या अंगावर दिसतं. ॲरेच्या नावापुढे @ हे चिन्ह येतं. पण त्यातलं एकच नाव हवं असेल तर तेच @ जाऊन $ येतं: $वंश[६]. नवशिका इथेच पहिल्यांदा वैतागतो. नाव तेच, मग चिन्ह का बदललं? वॉल यांच्या डोक्यात एकवचन आणि अनेकवचन होतं, म्हणून. एक मागितलं तर $, अनेक मागितली तर @. म्हणूनच @वंश[५..७] असं लिहिलं की महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर हे बाप, लेक, नातू तिघं एकदम हाती येतात, आणि तिथे पुन्हा @ आहे, कारण तिघं आले. चिन्ह वस्तूचं नसून मागणीचं आहे हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी पर्ल समजते.

$वंश[६] म्हणजे भास्कर. पण मोजून बघा, तो ओळीत सातवा आहे. कारण मोजणी शून्यापासून आहे. चौकटी कंसातला आकडा 'कितवा' हे विचारत नाही, 'पहिल्यापासून किती पावलं पुढे' हे विचारतो. त्रिविक्रम स्वतःपासून शून्य पावलांवर, भास्कर सहा पावलांवर. गंमत अशी की ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी पर्लमध्ये पूर्वी एक पळवाट होती: $[ नावाच्या एका खास व्हेरिएबलमध्ये १ भरला की सगळे ॲरे एकपासून सुरू व्हायचे. कल्पना करा, चारशे ओळींच्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी वर कुठेतरी ते करून ठेवलंय आणि तुम्ही खाली चूक शोधताय. शेवटी २०१९ च्या ५.३० आवृत्तीत ही वाट कायमची बंद झाली. बरं झालं.

उलटीकडूनही मोजता येतं. $वंश[-१] म्हणजे शेवटचा, चांगदेव. $वंश[-२] त्याचे वडील, $वंश[-३] आजोबा. एकूण नावं किती आहेत हे माहीत नसतानाही आजोबा सापडतात.

आता इथे जरा थांबू, कारण ॲरेतली खरी नवलाची गोष्ट हीच आहे. कोण कोणाचा मुलगा, हे वरच्या ओळीत कुठे लिहिलं आहे? कुठेच नाही. नावं आहेत आणि मधे स्वल्पविराम आहेत. तरीही १ पासून ८ पर्यंत एक लूप फिरवून 'अमुक हा अगोदरच्याचा मुलगा' अशी आठ बिनचूक वाक्यं छापता येतात. नातं नावांत साठवलेलं नाही, जागांत साठवलेलं आहे. रांगेत कुठे उभा आहे, हीच प्रत्येकाची माहिती. नावांची पिशवी भरून दिली असती तर नऊ विद्वान मिळाले असते. रांग दिली म्हणून घराणं मिळालं.

आता या दोन ओळी.

$किती = @वंश;
($कोण) = @वंश;

पहिलीनंतर $किती मध्ये ९ येतात. दुसरीनंतर $कोण मध्ये येतो त्रिविक्रम. फरक फक्त डावीकडच्या गोल कंसाचा. पहिल्या ओळीत डावीकडे एकटी वस्तू आहे, म्हणून पर्ल विचार करते की सगळा वंश एका जागेत मावणार नाही, संख्या सांगून टाकू. दुसरीत कंस आहे, म्हणजे डावीकडेही रांगच आहे, भले एकाच जागेची असो. मग पहिल्याला पहिली जागा मिळते आणि उरलेले आठ जण निमूट गळून पडतात. पर्ल चकार शब्द काढत नाही. आजूबाजूला काय आहे यावरून अर्थ ठरवण्याच्या या खोडीला पर्लवाले 'कॉन्टेक्स्ट' म्हणतात. माझ्या मते पर्लची सगळी मजा आणि सगळी डोकेदुखी या एका कंसात कोंबलेली आहे.

ॲरे वाढतो आणि घटतो, त्यासाठी आधी लांबी सांगावी लागत नाही. पुश शेवटी जोडतं, पॉप शेवटचा काढून हातात देतं. शिफ्ट पहिला काढतं, अनशिफ्ट पहिल्याच्याही आधी बसवतं. पुस्तकात या चार शब्दांना अर्धं पान मिळतं, पण घराण्याच्या भाषेत पाहिलं तर त्यांचा स्वभाव कळतो. चांगदेवाचा मुलगा पुश केला तर भास्कर $वंश[६] वरच राहतो, पण उलट्या मोजणीत -३ चा -४ होतो. त्रिविक्रमाचा बाप सापडला म्हणून अनशिफ्ट केला तर भास्कर ६ वरून ७ वर सरकतो आणि उलटी मोजणी जागची हलत नाही. म्हणजे ज्या टोकाला उलथापालथ व्हायची शक्यता कमी, त्या टोकाकडून मोजावं.

शिफ्टने पहिला काढल्यावर उरलेले आठ जण संगणकाच्या स्मृतीत एकेक घर पुढे सरकत असतील असं वाटतं ना? ॲरेत दहा लाख गोष्टी असतील तर किती सरकासरक! तसं होत नाही. पर्ल फक्त 'रांग इथून सुरू होते' ही खूण एक घर पुढे नेते. बाकी सगळे जागच्या जागी. म्हणून दहा लाखांतला पहिला काढायला जेवढा वेळ, तेवढाच नऊंतला पहिला काढायला.

दोन खेळ मात्र जपून. $वंश[२०] मध्ये काहीतरी भरलंत तर पर्ल 'मधल्या जागा कुठे आहेत?' असं विचारत नाही. ती मुकाट २१ जागांचा ॲरे करते आणि ९ ते १९ या अकरा जागा रिकाम्या ठेवते. आणि $#वंश ही खूण शेवटचा इंडेक्स सांगते, आपल्याकडे ८. पण ती नुसती सांगत नाही, ऐकतेही:

$#वंश = ५;

गेले. भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव, तिघेही गेले, रांग महेश्वरापाशी तुटली. घाबरून पुन्हा ८ लिहिलंत तर तीन जागा परत येतात, माणसं येत नाहीत.

मधूनच तुकडा काढायचा असेल तर स्प्लाइस. याचं उदाहरण खानदेशाबाहेर शोधायला नको. १९०६ मध्ये एका खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे त्यांची नावं जळगाव आणि धुळे. धुळे जिल्ह्यात दहा तालुके होते:

@धुळे = ('धुळे', 'साक्री', 'शिरपूर', 'शिंदखेडा', 'नंदुरबार', 'नवापूर', 'शहादा', 'तळोदा', 'अक्कलकुवा', 'अक्राणी');

१ जुलै १९९८ ला शासनाने जे केलं ते पर्लमध्ये एका ओळीत मावतं: @धुळे मधून ४ या जागेपासून ६ तालुके स्प्लाइस करा. धुळ्यात चार उरतात. आणि स्प्लाइसची लकब अशी की कापून काढलेला भाग ती टाकून देत नाही, उचलून तुमच्या हातात ठेवते. तो @नंदुरबार मध्ये झेलला की नवा जिल्हा तयार. कलेक्टर कचेरी वेगळी बांधावी लागते, ती गोष्ट निराळी.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या तालुक्यांची संख्या अनुक्रमे १५, ४, ६. हा ॲरे पर्लच्या सॉर्टला दिला की उत्तर येतं १५, ४, ६. काही बदललंच नाही! तिने आकड्यांना शब्द समजून लावलं, आणि शब्दकोशाच्या हिशोबाने १ हा ४ च्या आधी. आकडे म्हणून लावायचं असेल तर तिला वेगळं सांगावं लागतं: दोन वस्तूंच्या मधे <=> हे चिन्ह टाकून. त्याला सगळे 'स्पेसशिप' म्हणतात, कारण ते दिसतंच उडत्या तबकडीसारखं.

शब्द लावताना तर मराठी माणसाची आणखी पंचाईत होते. 'केळी' आणि 'केस' हे दोन शब्द साध्या सॉर्टला द्या. केळी आधी येतात. रावेर-यावलच्या वाचकाला ते योग्यच वाटेल, पण आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून कोशात आधी केस, मग केळी. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ ला ल च्या शेजारचं घर मिळालं आहे आणि पर्ल त्या घरक्रमांकाने जाते. मराठी क्रम हवा तर त्यासाठी 'युनिकोड कोलेट लोकेल' नावाचं मॉड्यूल आहे, त्यात मराठीची सोय आहे. ळ त्यात ह च्या मागे, आपल्या जागेवर जाऊन बसतो.

याहून गमतीचं म्हणजे एकेक नाव उघडून बघणं. स्प्लिट वापरून शब्दाची अक्षरं ॲरेत मोकळी करता येतात. 'धुळे' मध्ये अक्षरं किती? शाळेतलं मूल सांगेल, दोन. पर्ल सांगते, चार: ध, उकार, ळ, मात्रा. आणि फाइलच्या माथ्यावरची ती सूचना द्यायला विसरलात तर म्हणते बारा, कारण तेव्हा ती बाइट मोजत असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. आता तो चारांचा ॲरे उलटा करून जोडा. मात्रा पहिली आली! तिला टेकायला अक्षरच नाही, म्हणून पडद्यावर ती एका ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसते. 'जळगाव' उलटा केला तर तसं काही बिघडल्याचं दिसत नाही, 'वागळज' असा गोड शब्द तयार होतो. पण नीट बघा. काना ग चा होता, तो व ला चिकटला. दिसायला धड, आतून चुकलेलं, आणि अशाच चुका वर्षभर सापडत नाहीत. माणूस ज्याला अक्षर म्हणतो त्या तुकड्यांनी तोडायचं असेल तर पर्लकडे उलट्या तिरक्या रेघेपुढे मोठा एक्स अशी खूण आहे. तिने तोडलं की धुळ्याची दोनच अक्षरं निघतात आणि वेलांटी-उकार आपापल्या अक्षराला धरून राहतात.

एक तळटीप जाता जाता. देवनागरी आकडा हा आकडाच आहे हे पर्ल ओळखते, 'यात अंक आहे का' विचारलं तर ५ ला होकार देते. पण त्यात १ मिळवा म्हटलं तर उत्तर १ येतं. ओळख आहे, व्यवहार नाही.

बरं, रांगेतला क्रम म्हणजेच माहिती, असं आपण म्हटलं. मग क्रम बिघडला तर किती तऱ्हांनी बिघडेल? नऊ नावांच्या रांगा किती होतील? हा प्रश्न विचारायला संगणकाची गरज नव्हती. आपल्या ओळीतल्या $वंश[६] नेच तो ११५० च्या सुमारास सोडवून ठेवला आहे. 'लीलावती'च्या शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे, त्यात. पहिल्या जागेवर नऊपैकी कोणीही येईल, दुसरीवर उरलेल्या आठांपैकी, मग सातांपैकी. सगळं गुणत जायचं: ३,६२,८८०. एवढ्या रांगा, आणि त्यातली एकच घराणं आहे. पर्लसोबत येणाऱ्या 'लिस्ट युटिल' या मॉड्यूलमधलं शफल वापरून @वंश पिसून बघा. प्रत्येक वेळी ऐकायला भारदस्त वंशावळ निघेल आणि ती जवळजवळ प्रत्येक वेळी खोटी असेल.

भास्कराचार्यांची उदाहरणं देवांची आहेत. विष्णूचे चार हात आणि शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं. हातांत अदलाबदल केली तर मूर्ती किती? २४. संध्येतली चोवीस नावं ज्यांना पाठ आहेत त्यांना ही संख्या ओळखीची वाटेल, त्या चोवीस मूर्तींमध्ये आयुधांचा क्रम तेवढा बदलतो. दुसरं उदाहरण शंकराचं: दहा हात, दहा आयुधं. उत्तर ३६,२८,८००. सेकंदाला एक मूर्ती या वेगाने, झोप न घेता बघत बसलात तर बरोबर ४२ दिवस लागतात, एक सेकंद कमी नाही की जास्त नाही.

मला त्याच प्रकरणातलं आणखी एक उदाहरण जास्त आवडतं. २ ते ९ हे आठ अंक प्रत्येकी एकदा वापरून जेवढ्या संख्या होतील त्या किती, आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? नवशिका पर्लवाला काय करेल? अंकांचा ॲरे घेईल, त्यातून एकेक अंक स्प्लाइसने काढून पहिल्या जागी ठेवेल, उरलेल्यांवर हेच पुन्हा करेल, असं स्वतःलाच बोलावणारं फंक्शन लिहील. ते ४०,३२० संख्या जन्माला घालेल, लूप त्यांची बेरीज करेल आणि बघता बघता पडद्यावर येईल २४६३९९९९७५३६०. भास्कराचार्यांनी एकही संख्या मांडली नाही. त्यांची रीत अशी: आठ जागांपैकी कुठल्याही एका जागेवर बघा. ४०,३२० संख्यांमध्ये तिथे प्रत्येक अंक सारख्याच वेळा येणार, म्हणजे ४०,३२० भागिले ८, ५०४० वेळा. अंकांची बेरीज ४४. म्हणून एका जागेची बेरीज ५०४० गुणिले ४४, २,२१,७६०. हीच संख्या आठ वेळा, दरवेळी एक घर सरकवून, एकाखाली एक लिहा आणि मिळवा. उत्तर तेच, शेवटच्या शून्यापर्यंत. स्क्रिप्टने चाळीस हजार वेळा केलेलं काम पाटीवर आठ ओळींत. रीत स्क्रिप्टमध्ये उतरवली तर लूपसुद्धा आठच फेऱ्यांची लागते, आणि मला वाटतं ॲरे शिकणाऱ्याने दोन्ही स्क्रिप्ट लिहून शेजारी शेजारी चालवाव्यात.

आता @वंश च्या एका अडचणीकडे. चाळीसगाव तालुक्यातच, गिरणेच्या काठी, बहाळ आहे. तिथेही एक शिलालेख आहे, शके ११४४ चा, इसवी सन १२२२ चा. तो अनंतदेवाचा, तोही सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी. त्याने देवीचं देऊळ बांधलं. त्याची वंशावळ अशी येते: मनोरथ, महेश्वर, श्रीपती, गणपती, अनंतदेव. मनोरथ आणि त्याचा मुलगा महेश्वर ही जोडी पाटणच्या यादीतही आहे. अभ्यासकांनी दोन्ही याद्या जोडून पाहिल्या आणि श्रीपती हा भास्कराचार्यांचा भाऊ ठरला. म्हणजे महेश्वरापाशी घराण्याला फाटा फुटतो. सरळ रांगेत फाटा कसा दाखवायचा?

पहिला प्रयत्न बहुतेक जण असा करतात:

@वंश = ('मनोरथ', 'महेश्वर', ('भास्कर', 'लक्ष्मीधर', 'चांगदेव'), ('श्रीपती', 'गणपती', 'अनंतदेव'));

डोळ्यांना अगदी बरोबर. पण गोल कंस पर्लला भिंतीसारखे वाटतच नाहीत, आतले कंस ती विरघळवून टाकते. हाती येतो आठ नावांचा सपाट ॲरे, आणि त्यात चांगदेवाच्या लगेच मागे श्रीपती. आपली 'अगोदरच्याचा मुलगा' छापणारी लूप यावर चालवा. ती सांगेल की श्रीपती हा चांगदेवाचा मुलगा. चुलत आजोबा नातवाच्या पोटी जन्माला आले! चुकीचा इशारा नाही, लाल अक्षर नाही, स्क्रिप्ट खुशाल चालते.

उपाय कंस बदलण्याचा आहे. आतले गोल कंस काढून चौकटी घालायचे:

@वंश = ('मनोरथ', 'महेश्वर', ['भास्कर', 'लक्ष्मीधर', 'चांगदेव'], ['श्रीपती', 'गणपती', 'अनंतदेव']);

आता हा चारच जागांचा ॲरे झाला. पहिल्या दोन जागांवर नावं आहेत, पुढच्या दोन जागांवर माणसं नाहीत, पत्ते आहेत. चौकटी कंसाने पर्ल स्मृतीत दुसरीकडे एक बिननावाचा ॲरे उभा करते आणि तो कुठे आहे एवढंच इथे लिहून ठेवते. याला रेफरन्स म्हणतात. तो तसाच छापायला गेलात तर पडद्यावर नाव येत नाही, 'ॲरे' असा इंग्रजी शब्द आणि कंसात शून्य-एक्सने सुरू होणारा विचित्र आकडा येतो. पर्ल शिकलेल्या प्रत्येकाने तो कधीतरी पाहिलेला असतो आणि बहुतेकांना तो बिघाड वाटलेला असतो. बिघाड कसला, तो पत्ता आहे. पत्त्यावर जाऊन दार उघडायचं असेल तर कंस वाढवायचा: $वंश[२][०] म्हणजे भास्कर, $वंश[३][०] म्हणजे त्याचा भाऊ श्रीपती. दोघं आपापल्या रांगेत शून्यावर, अगदी भावाभावांना शोभेल असे.

पर्लमध्ये हे पहिल्या दिवसापासून नव्हतं. रेफरन्स आले ते १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत. त्याआधीची पर्ल सपाट रांगांची. फाटे दाखवायला लोक नाना क्लृप्त्या लढवायचे.

पत्त्यांचा एक धोकाही आहे. $वंश[३] दुसऱ्या एखाद्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घेतलात आणि तिथे 'गणपती'चं स्पेलिंग सुधारलंत, तर मूळ @वंश मध्येही ते बदललेलं दिसेल. कारण उतरवून घेतला तो पत्ता, घर एकच आहे.

फाट्यांना अंत नाही, पत्त्याच्या घरात आणखी पत्ते ठेवता येतात. बहाळच्या लेखाला ते लागतंच, कारण गणपतीला दोन मुलगे आहेत. धाकट्याला पणजोबांचं नाव ठेवलेलं, महेश्वर:

@वंश = ('मनोरथ', 'महेश्वर', ['भास्कर', 'लक्ष्मीधर', 'चांगदेव'], ['श्रीपती', 'गणपती', ['अनंतदेव'], ['महेश्वर']]);

आता एकाच ॲरेत दोन महेश्वर झाले, आणि पर्लचा गोंधळ होत नाही. नावावरून ओळखणाऱ्या रचनेत, पर्लमधल्या हॅशमध्ये, दुसरा महेश्वर पहिल्याला पुसून त्याच्या जागी बसला असता. इथे जागा वेगळ्या, म्हणून माणसं वेगळी. पणजोबा $वंश[१] वर. पणतू महेश्वर तीन कंस ओलांडून, $वंश[३][३][०] वर. बहाळचा लेख याच पणतूने रचला.